फ्रीजसमोरच्या चपला

त्या घरात फ्रीजसमोर कायम रबरी चपलांचा जोड असायचा. अनवाणी दार उघडलं की शॉक बसायचा ना! सगळ्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणी चकार शब्द काढायचं नाही. आज सुनेनं वळून पाहिलं, तर तिची छकुली रांगत थेट फ्रीजकडे निघालेली! तिनं झडप घालून लेकीला उचललं, प्लग उपटला. अर्थिंगची जाड पिन चक्क कापलेली! "कुणी कापली?" सुनेचा आवाज चढला. "मीच," सासरे पेपरामागून म्हणाले. "भोकात बसत नव्हती. चपला आहेत ना? इतक्या वर्षांत कोण मेलंय?" सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, चपला समोर आदळल्या. "घाला मग हिच्या पायात!" सासूबाईंनी चपला सासऱ्यांच्याच पायांकडे ढकलल्या. "तुम्हीच घाला. वायरमनला आणल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही!"