सासऱ्यांचा नेम

सासरे निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून रोज सकाळी रायफल क्लबात जाऊ लागले. कॉलेजात नेमबाजीचं पदक मिळवलेली सून एका हाताने ऑफिसचे मेल टाइप करत, दुसऱ्या हाताने बाळाला थोपटत त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघत राहायची. एकदा न राहवून म्हणालीच, "मजा आहे बाबा तुमची! आम्हाला मेलं नखं कापायलाही वेळ नाही."

आज त्यांनी टार्गेटचा कागद तिच्यापुढे ठेवला. दहाच्या दहा छिद्रं अगदी मधोमध. तिचा नुसता जळफळाट झाला.

सासरे साबणाने हात धुऊन आले.


"हात थरथरतात म्हणून बाळाला घेऊ देत नव्हतीस ना मला? आता देशील?"