बिछायत

पार्वताबाईंचं घर टेकडीच्या उभ्या उताराखाली. दर पावसाळ्यात वरची माती घसरून मागच्या भिंतीवर चढायची, म्हणून सुनेला हाताशी घेऊन त्यांनी उतारावर काथ्याच्या जाड चटया अंथरल्या आणि खुंट्या ठोकून पक्क्या केल्या. उताराचा मालक गजेंद्र भडकला.

"काकू, माह्या जागेत तुही चटई कावून? उपटून फेकीन!"

"हात तं लावून पाह्य, मेल्या!"

दुसऱ्या दिवशी उतार उघडा पडला होता.

त्याच संध्याकाळी देवळात कीर्तन. नामाचा गजर असा रंगला की काय सांगू! मध्येच माईकवर पुकारा झाला, "आजची बिछायत गजेंद्रभाऊंतर्फे!" टाळ्या पडल्या. खाली काथ्या टोचत होता, पण देवाचं काम म्हणून आम्ही सारे दाटीवाटीनं बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळू लागला. पार्वताबाई तेवढ्या दाराशी उभ्या.

महाराज प्रेमानं म्हणाले, "माउली, बसा ना. जागा हाये."



"तुमीच बसा महाराज, सारे दाबून बसा. ह्या चटयांनी माह्या घरामागची टेकडी धरली होती. आता तुमी धरा."