सात इंच राख

पडलेल्या डक्टचा तळाचा पत्रा मोनालीनं मोजला. चार मिलिमीटर, ड्रॉइंगमध्ये होता तसाच. पत्रा वाकू नये म्हणून बाहेरून वेल्ड केलेले अँगल पाच-पाच फुटांवर, तेही ड्रॉइंगप्रमाणेच. ड्रॉइंग तिचंच होतं.

गोंदियाजवळच्या या राइस मिलमध्ये बॉयलरचा धूर चिमणीकडे नेणारं हे लोखंडी डक्ट बारा दिवसांपूर्वी मधोमध फाटून खाली आलं. खाली हेमराज होता. डक्टमध्ये साचणारी भुशाची राख दर सोमवारी खरवडून काढायचं काम त्याचं होतं.

"रिपोर्ट में लिख दो मॅडम, राख साफ नहीं की थी," मालक दुर्गाप्रसाद म्हणाले. "वजन बढ़ गया, गिर गया. आप भी सेफ, हम भी सेफ."

मेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोनालीला रागसुद्धा आला नाही. बारा दिवस तिला काहीच वाटत नव्हतं, जेवणाची चवसुद्धा लागत नव्हती.

पत्र्याच्या आतल्या अंगाला राखेची रेघ उमटलेली होती. राख तिथवरच चढली होती. एक फूट साचली तरी डक्ट टिकेल, असं तिनं ड्रॉइंग करताना धरलं होतं. रेघ सात इंचांवर होती. तिनं दुसऱ्या टोकाला टेप लावला. तिथंही सातच.

"बाई."

मागं हेमराजची बायको धनवंता उभी होती. दरेकशाहून ती त्याचा डबा आणि कपडे न्यायला आली होती.

"गावात सारे म्हनून राहिले, कामचुकार होता, आपल्याच करनीनं मेला. राख काढली नोयती का त्यानं?"

"काढली होती," मोनाली म्हणाली. "वेळच्या वेळी."

धनवंतानं मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "तं मंग पडलं काऊन?"

"अँगल जवळ-जवळ लावायला पाहिजे होते. मी लांब ठेवले. चूक माझी आहे."

"मॅडम!" दुर्गाप्रसाद ओरडले.

धनवंता रडली नाही. तिनं शिवीही दिली नाही. पदरानं डबा पुसत ती त्या रेघेकडे बघत राहिली.

"असे अजून कितीक बनवले?"

"सहा."

"तेथची राख कोन काढते?"

मोनालीला सहाही मालकांची नावं पाठ होती, राख काढणाऱ्या एकाचंही नाही.