डोळ्यांनी हसायचं म्हणे

चार वर्षांच्या जुमानाने असं भोकाड पसरलं की गल्लीतली माणसं खिडकीत डोकावून गेली.

"अगं, मी राविया! तुमच्या शेजारची राविया!" मास्क लावलेली शिक्षिका काकुळतीला येऊन सांगत होती. पण शेजारच्या रावियाला नाक होतं, दात होते. हिला नुसते डोळे. जुमाना आईच्या झग्यात आणखी आत शिरली.

सुहैरने कपाळाला हात लावला. मल्लवी गावातली तिची ही बालवाडी साथीमुळे सहा महिने कुलपात होती आणि आता रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, उघडायची होती. शिक्षिकांनी तोंड झाकल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही, असा वरून हुकूम. म्हणून आज रंगीत तालीम. तालमीला एक तरी मूल हवं, म्हणून गल्लीतल्या जुमानाला तिच्या आईसकट बोलावून आणलं होतं. आता एक पोर आवरेना, तर रविवारी चाळीस कशी आवरणार? पहिल्याच दिवशी रडारड झाली की आया पोरं काखोटीला मारून घरी नेणार, आणि एकदा नेली की पुन्हा कोण पाठवतंय! मग लावा दाराला कायमचं कुलूप.

"डोळ्यांनी हसायचं म्हणे," राविया मोबाइलवरचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ पुन्हा लावत म्हणाली. "कसं हसतात हो डोळ्यांनी? अब्ला, तुम्हीच दाखवा."

अब्ला म्हणजे बाई, आणि सुहैर तर मोठ्या बाई. न दाखवून कुणाला सांगते! तिने मास्क नीट केला, भुवया उचलल्या आणि डोळे मोठे केले.

"अगंबाई," दुसरी शिक्षिका नजला म्हणाली, "आम्हाला यायला उशीर झाला की अब्ला अश्शाच बघतात."

सगळ्या खिदळल्या. जुमाना दुप्पट जोरात रडायला लागली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून इनसाफ पुदिन्याच्या चहाचे ग्लास घेऊन आली. अंगभर काळं, तोंडावर नकाब, डोळ्यांपुरती फट. तीन वर्षांपूर्वी ती इथं लहान गटाला शिकवायची. वर्गाच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात, बाहेर पुरुषांची ये-जा, म्हणून वर्गातही नकाब काढायची नाही. "ज्या बाईचा चेहरा दिसत नाही, तिची माया मुलांना कशी दिसणार?" असं म्हणून सुहैरनेच तिला स्वयंपाकघरात धाडलं होतं. तेव्हापासून ती पोरांसाठी मसूर शिजवायची आणि बायांसाठी चहा करायची. वर्गाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, पण लहान गट गाणी म्हणायला लागला की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबत. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

इनसाफने ट्रे टेबलावर ठेवला आणि जुमानापासून चांगली चार हात लांब, जमिनीवर बसली.

"मी कोण ते ओळखायचंच नाही," ती म्हणाली. "मी हसतेय की रागावलेय, तेवढंच ओळखायचं. हरलीस तर मी जिंकले."

रडणं हळू झालं. झग्यातून एक डोळा बाहेर आला.

"रागावलीस."

"चूक! नीट बघ की."

जुमाना एक पाऊल पुढे आली. "हसतेस."

"कशावरून गं?"

"डोळे बारीक झालेत. आणि इथं रेघा आल्यात." तिने स्वतःच्या डोळ्याच्या कडेला बोट लावून दाखवलं.

"बरं, आणि आता?"

जुमानाने मान वाकडी करून पुष्कळ वेळ बघितलं. "आता तुला भूक लागलीय."

"अय्या, हे कसं कळलं तुला? सकाळपासून खरंच काही खाल्लं नाही मी!"

जुमाना खदखदून हसली. चहाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. राविया येऊन इनसाफसमोर मांडी घालून बसली.

"कसं केलंस तू? भुवया वर घेतेस का?"

"भुवयांचं काय घेऊन बसलीस! खरंच हसायचं. तोंडभर. हसलं की डोळ्यांत येतंच. तोंड झाकलं म्हणून तुम्ही हसायच्याच थांबलात, पोर रडणार नाही तर काय!"

सुहैरला हायसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. या तीन वर्षांत ही आपल्याकडे बघून कितीदा हसली असेल, आणि आपल्याला एकदाही कळलं नाही.

"इनसाफ," ती म्हणाली, "रविवारपासून लहान गटावर तू ये. चहाचं आमचं आम्ही बघू."

इनसाफ उठली. ट्रे उचलायला गेलेला तिचा हात तिथंच थांबला.

"येते की, अब्ला. धावत येते." मग जरा हळू आवाजात तिने विचारलं, "आणि साथ गेल्यावर?"

सगळ्यांनी सुहैरकडे बघितलं. साथ गेली की बायांचे चेहरे पुन्हा दिसणार. हिचा सोडून.

"तेव्हाचं तेव्हा बघू गं," सुहैर म्हणाली. पोरांची नावं घालायला आलेल्या आयांशी बोलताना तिचा आवाज असाच गोड व्हायचा. "तू काय आम्हाला परकी आहेस का?" तोंडावर मास्क आहे ते बरं झालं, असं तिला वाटून गेलं.

जुमानाला खेळ सोडवत नव्हता. ती आली ती थेट सुहैरच्या गुडघ्यांशी येऊन उभी राहिली आणि मान वर करून तिच्या डोळ्यांत बघत राहिली.

"ही हसत नाहीये," तिने वळून इनसाफला सांगितलं.

"दिसतंय मला," इनसाफ म्हणाली, आणि चहा निवायच्या आत एकेकीच्या हातात ग्लास देऊ लागली.