कॅसलरॉकच्या बहिणीचा कॉमा

"थांब. इथं कॉमा आहे," सुनयना म्हणाली. "कॉमा म्हणजे दम घ्यायचा. पुन्हा म्हण."

रामनगरहून जोयड्याला निघालेली बस वळणावर कलली. अंकिताने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला आणि एका दमात म्हणून टाकलं, "माय सिस्टर हू लिव्ज इन कॅसलरॉक वेक्स अप विथ द फर्स्ट ट्रेन."

"पुन्हा तेच! अगं, 'माय सिस्टर' म्हटलं की थांबायचं."

तालुक्याची इंग्रजी भाषण स्पर्धा तासाभरावर आली होती. पहिल्या येणाऱ्याला बेंगळुरूला जायचं होतं, आणि अंकिता लोंढ्याच्या पुढे कधी गेली नव्हती. पण खरी उतावीळ झाली होती ती तिची बाई. सकाळपासून सुनयनाच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता. तिच्या हाताखालचं एकही मूल अजून तालुक्याबाहेर पोचलं नव्हतं, आणि हे पोचणार याची तिला खात्री होती. फक्त तो कॉमा सोडून.

गेल्या आठवड्यापर्यंत पोरगी बरोबर थांबत होती. सोमवारपासून तिचा कॉमा कुठे पळाला कोण जाणे.

वर्गात सुनयनाने तो फळ्यावर भोपळ्याएवढा काढून शिकवला होता. "मराठीत 'कॅसलरॉकला राहणारी माझी बहीण' म्हटलं, तर बहिणी किती ते कळत नाही. इंग्रजी मात्र भोचक. कॉमा दिला तर बहीण एकच. कॅसलरॉक ही नुसती जादा माहिती, काढून टाकली तरी वाक्याचं काही बिघडत नाही. कॉमा नाही दिला, तर बहिणी एकीपेक्षा जास्त. मग त्यांतली नेमकी कुठली, हे सांगायला कॅसलरॉक पाहिजेच."

पोरांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना, तेव्हा तिने स्वतःचंच उदाहरण दिलं. "माय मदर, हू लिव्ज इन खानापूर. आईला कॉमा हवाच. 'माझी जी आई खानापुरात आहे ती' असं कुणी म्हणतं का? जशी काही दुसरी एक हल्याळला ठेवलीय!"

वर्ग खदाखदा हसला होता. सगळ्यांत जास्त अंकिता.

बसमध्ये मागच्या सीटवर अंकिताची आई शांता मांडीवर डबा घेऊन बसली होती. सुनयना रामनगरच्या शाळेत आली तेव्हापासून शांताकडून काही ना काही यायचं. कधी तांदळाची भाकरी, कधी फणसाची भाजी. स्वतः मात्र ती दारातूनच परत फिरे. कितीही आग्रह केला तरी आत येत नसे. "खानापूरला समदी बरी हायत न्हवं, बाई?" एवढं विचारायची आणि चालू लागायची.

सुनयनाला या बाईची माया वाटे. तिच्या स्वतःच्या आईने तर रामनगरचं नाव ऐकून दोन दिवस अन्न सोडलं होतं. कुठंही नोकरी कर, पण तिथं नको. ट्रकांचा रस्ता, वाघाचं रान! जगभरच्या आया अशाच, असं म्हणून सुनयनाने ते हसण्यावारी नेलं होतं.

"बाई, तुम्ही खावा की कायतरी," शांताने मागून डबा पुढे केला. "पोरगी बोलंल नीट."

सभागृह गच्च भरलं होतं. जगलबेटचा प्रशांत असा काही बोलला की सुनयना खुर्चीच्या टोकावर आली. मग अंकिता उभी राहिली. तिने बहिणीचं, रेश्माचं लग्न सांगितलं, कॅसलरॉकचं घर सांगितलं, जिथे घड्याळ कुणी बघत नाही कारण गाडीच वेळ सांगते. लोक हसले, गप्प झाले, पुन्हा हसले. सुनयनाला उडी मारावीशी वाटत होती. आणि मग ते वाक्य आलं, न थांबता, एका दमात.

सुनयनाने डोळे मिटून घेतले.

परीक्षक पुंडलिक सर निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांचे कान अजून निवृत्त झाले नव्हते. "दोघांचे गुण सारखे झालेत," ते माइकवर म्हणाले. "म्हणून एकच प्रश्न. अंकिता, 'माय सिस्टर' नंतर तू थांबली नाहीस. चुकून, की मुद्दाम? तुला बहिणी किती?"

निम्मं सभागृह रामनगरचं होतं. बहीण एकच, रेश्मा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक म्हटलं की चूक, आणि बेंगळुरू प्रशांतचं.

अंकिताने सुनयनाकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी बसलेल्या आईकडे. "मुद्दाम, सर," ती इंग्रजी विसरून म्हणाली. "दोन हायत."

"मग तर अगदी अचूक! पहिला क्रमांक."

टाळ्या पडल्या, पोरांनी खुर्च्या बडवल्या. सुनयनाने मात्र टाळी वाजवली नाही. आपल्याच नियमाने पोरगी भर सभेत खोटं बोलायला शिकली. नंबर हवा होता, पण असा नको. ती उठली. "सर, एक मिनिट..."

तिच्या मनगटावर हात पडला. शांताने आजवर तिला कधी बोटही लावलं नव्हतं.

"खाली बस. खोटं न्हाई बोलली ती."

"अहो मावशी, पण रेश्मा एकटीच ना?"

शांताचे डोळे भरून आले होते. हात तिने सोडला नाही.

"सोमवारी म्याच सांगितलं तिला. तुला बी कवाचं सांगायचं हुतं. पर तुझी जी आई खानापुरात हाय, तिला म्या शब्द दिल्ता."