थॉर्नबेक खिंडीतला फोटो

"यातला कुठलाही ने," गॉर्डन म्हणाला. "फक्त भिंतीवरचा सोडून."

टेबलावर जुने खोके उघडे पडले होते. हेझलनं चष्मा लावला आणि एकेक फोटो उचलून पाहू लागली. वाफेची इंजिनं. पुलावरची, यार्डातली, पावसात निथळणारी. माणूस एकाही फोटोत नव्हता.

"नेव्हिल कुठंच नाही रे."

"कसा असेल? चौकटीत माणूस आला की फोटो वाया गेला, असं आम्ही मानायचो." गॉर्डननं फ्रूटकेकची बशी तिच्याकडे सरकवली. "तो कायम माझ्या पाठीमागं. एकानं फोटो काढायचा, दुसऱ्यानं मागून गाडी येतेय का ते बघायचं. कॅमेऱ्याला डोळा लावला की माणूस बहिरा होतो, पोरी."

"साठी उलटली माझी. पोरी काय म्हणतोस?"

"नेव्हिलची धाकटी बहीण ना? मग पोरगीच." तो हसला नाही. "आणि ऊन पाठीवर घ्यायचं. इंजिनाचं तोंड कसं उजळून निघतं. थंडीत मात्र ऊन खाली उतरतं आणि आपलीच सावली पुढं फोटोत घुसते. तेवढा भाग मग कापायचा, नाहीतर झाकायचा."

शनिवारी गावच्या सभागृहात रेल्वे क्लबचं प्रदर्शन होतं. वाफेची इंजिनं बंद झाली त्याला अर्धं शतक झालं म्हणून. एका फोटोखाली नेव्हिलची आठवण म्हणून त्याचं नाव लावू या, असं क्लबनं हेझलला कळवलं होतं. फोटो तिनंच निवडायचा होता. त्याच्या त्या जगातलं तिच्याकडे काहीही नव्हतं. होती ती फक्त एक टोपी.

ती आईनं नाताळात विणलेली लाल टोपी. गोंड्याला लोकर पुरली नाही, म्हणून बरेच दिवस टोपी तशीच होती आणि नेव्हिल आईच्या मागं भुणभुण करत होता. शेवटी त्या रविवारी सकाळी आईनं दारातच सुई-दोरा घेतला. तो टोस्ट खात उभा, आणि आई त्याच्या डोक्यावरच गोंडा शिवतेय. "हलू नकोस, नाहीतर कान शिवीन." हेझल जिन्यावर बसून हसत होती.

संध्याकाळी पोलीस आले. टोपी त्यांनी कागदी पिशवीतून आणली होती.

एकटाच इंजिनांचे नंबर टिपायला थॉर्नबेकच्या खिंडीत गेला असणार, असं सगळे म्हणाले. गॉर्डन तापानं अंथरुणात होता आणि दोघांत मिळून एकुलता एक कॅमेरा त्याच्याच कपाटात. मागून आलेली गाडी नेव्हिलला कळलीच नाही.

आईला हीच एक गोष्ट पोखरत राहिली. "एकटा होता गं तो. गॉर्डन असता तर ओरडला असता." गॉर्डन समोर असला की तो मान खाली घालून ऐकायचा. पुढं कित्येक वर्षं तो दर रविवारी आईचा कोळसा आत आणून ठेवत असे. आई गेली तेव्हा खांदाही त्यानं दिला.

हेझलनं खोका मिटला आणि भिंतीकडे पाहिलं.

थॉर्नबेकच्या खिंडीतून इंजिन बाहेर पडत होतं. थंडीतलं तिरपं ऊन त्याच्या तोंडावर, धूर एका बाजूला कलंडलेला. या फोटोला मासिकाचं बक्षीस मिळालं होतं. त्याच्याच जोरावर गॉर्डनला पुढं वर्तमानपत्रात छायाचित्रकाराची नोकरी लागली.

"हाच हवाय मला."

"सांगितलं ना, तो नको."

"तो गेला त्याच्या आठवडाभर आधीच्या रविवारचा ना हा? तूच सांगायचास आईला."

"हो."

"मग? तुझ्या पाठीमागं उभा असेल तो तेव्हा. दिसत नसला तरी आहे ना तिथं? इतर फोटोंचं काय, ती नुसती इंजिनं."

गॉर्डननं गार चहाचा कप बाजूला सरकवला. "काच जुनी आहे. बसमध्ये फुटेल."

"मांडीवर धरून नेईन."

"हेझल, दुसरा घे. तुझ्या आवडीचा मोठा करून देतो."

"शनिवारपुरताच नेतेय रे. तुझ्या भिंतीचं काय वाकडं होणार आहे?"

किटली शिट्टी वाजवू लागली. तो उठला, दारात क्षणभर थांबला. "चहा घेऊ, मग बोलू," म्हणाला आणि आत गेला.

हेझलनं खुर्ची ओढली आणि फोटो खिळ्यावरून उतरवला. चौकट वाटली त्यापेक्षा जड होती. मागची कागदी पट्टी वाळून पापडासारखी झाली होती. बोट लागताच ती तुटली, पाठीचा पुठ्ठा निसटला आणि फोटो तिच्या मांडीवर आला.

पुढून दिसायचा त्यापेक्षा तो मोठा होता. खालचा चांगला वीतभर भाग पुठ्ठ्याच्या किनारीनं झाकला होता. तिथं, रुळांमधल्या खडीवर, दोन लांब सावल्या पडल्या होत्या.

तिला हसू आलं. म्हणजे तो फोटोत होता तर. इतकी वर्षं, या भिंतीवर.

एका सावलीची दोन्ही कोपरं वर होती. कॅमेरा डोळ्याला लावलेली. ती गॉर्डनची. शेजारची बोडकी, हात खिशात घालून आरामात उभी. त्या दुसरीवर तिनं हळूच बोट ठेवलं. उभा राहायचा तो असाच, नाही का?

"साखर एकच ना?" आतून गॉर्डननं विचारलं.

"एकच," ती म्हणाली आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

कोपरं वर केलेल्या सावलीच्या डोक्यावर लिंबाएवढा गोंडा होता.