शेपटीला बांधलेला पाळणा

"कुणाला खरं वाटायचं नाय," हिरामण म्हणाले, "पण ह्या हर्षलचा पाळणा गाईनं हलवलेला हाय."

दुकानात वस्तू दाखवणारी राखी हातातला रिमोट विसरून त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्यासमोर मोटरवाला पांढरा पाळणा आपोआप झुलत होता. आत प्लास्टिकची बाहुली डोळे मिटून पडली होती.

द्वारका चौकाजवळच्या त्या बाळांच्या वस्तूंच्या दुकानात चौघं तासाभरापूर्वी शिरली होती. आठवा महिना लागलेली निकिता, तिचा नवरा हर्षल, आणि सकाळच्या बसनं निफाडहून आलेले तिचे सासू-सासरे. निकिताची खरेदीची पद्धत साधी होती. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हिच्यावाचून अडेल का? बाटली गरम करायचं यंत्र तिनं परत ठेवलं. घरात पातेलं होतं. सॅटिनचे इवलेसे बूट परत गेले. ज्याला उभं राहता येत नाही त्याला बूट कशाला? वॉकर तर डॉक्टरांनीच नको म्हटलं होतं. सुती लंगोट, दुपटी, थर्मामीटर, मच्छरदाणी एवढंच टोपलीत गेलं. सासूबाई, वत्सलाबाई, दर वेळी समाधानानं मान हलवत होत्या. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई त्या. उत्तर बरोबर आलं की त्यांची मान आपोआप हलायची.

पाळण्यापाशी मात्र निकिता अडली. बाळ चार महिन्यांचं झालं की तिला अंबडच्या कंपनीत परत जायचं होतं. हर्षलची नोकरी फिरतीची. सांभाळायला बाई मिळाली असती, पण परक्या बाईनं रडतं पोर किती वेळ जोजवायचं? सासू-सासऱ्यांना द्राक्षाची बाग सोडून इथं येऊन राहा म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. यंत्र निदान कंटाळणार तरी नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आणि नेमकं तिनं "हा द्या पॅक करून" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा सासऱ्यांची, हिरामणनानांची, गाय मध्ये आली.

"गाईनं कसा हलवला, काका?" राखीनं विचारलं.

"शेपटीनं. पाळण्याची दोरी चांदीच्या शेपटीला बांधायची. चांदी म्हंजे गाय. माशी बसली की शेपूट हललं, शेपूट हललं की पाळणा हलला. ना लाईट, ना मोटर."

"आणि थंडीत? माश्या कमी असतात की."

"गूळ लावायचो शेपटीला. माश्या लांबून लांबून यायच्या."

राखी खुदकन हसली. पलीकडच्या काउंटरवरची दोन गिऱ्हाइकंही जवळ सरकली. हर्षलनं निकिताकडे अभिमानानं बघितलं. हीच गोष्ट त्यानं तिला लग्नाआधी सांगितली होती, तीसुद्धा अगदी गंभीरपणे.

"एकदा काय झालं," हिरामणांना आता चांगलाच रंग चढला होता, "शेपटीची दोरी सोडायची राह्यली. चांदी निघाली चरायला. मागं पाळणा, पाळण्यात हा."

"पाळणा आढ्याला टांगलेला नव्हता का, नाना?" निकितानं विचारलं.

"आढं बी आलं की मागं. ही वरात थेट विंचूरच्या कांद्याच्या लिलावात. व्यापाऱ्यांनी पाळण्यात डोकावून पाह्यलं. गोल, गुलाबी, टणक. बोली सुरू!"

"किती लागली?" हर्षलनं विचारलं. लहानपणापासून तो हे विचारत आला होता.

"ते नको इचारू. तुला वाईट वाटंल."

"आणि ती गाय नंतर कुठे गेली, ते तरी सांगा," राखी म्हणाली.

"लेकीकडं गेली राह्यला."

निकिताला हसून हसून खुर्चीवर बसावं लागलं. राखीनं तिला पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता तिची नजर पुन्हा झुलत्या पाळण्याकडे गेली आणि हसू ओसरलं.

"तुमचं बरं होतं, नाना," ती म्हणाली. "मी कामावर गेल्यावर आमच्या तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून आणू?"

हिरामणांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. घसा खाकरला. राखीकडे बघितलं, छताकडे बघितलं, सुनेकडे तेवढं बघितलं नाही.

"एक हाय माझ्या पाहण्यात. निफाडलाच. म्हातारी हाय, दूधबीध काय नाय. पण खायला थोडं लागतं, अन् दोरी वढायला लय चांगली."

"तिसऱ्या मजल्यावर चढेल?"

"लिफ्टनं येईल. बटन दाबता येतं तिला."

आता सगळं दुकान हसायला लागलं. हसल्या नाहीत त्या एकट्या वत्सलाबाई. त्यांनी हातातली पिशवी काउंटरवर ठेवली आणि वर्गात कॉपी पकडल्यासारख्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खोटं!" त्या म्हणाल्या. "मी विंचूरच्या शाळेत लागले, तेव्हा हर्षल चार महिन्यांचाच होता. गडी माणूस घरात बसून पाळणा हलवतो म्हटल्यावर गाव हसलं असतं, म्हणून ह्यांनी ती चांदी उभी केली. आपल्या दारात गाय कधी नव्हतीच, निकिता. दिवसभर ती दोरी असायची ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला!"